बडा बाजा आणि माझी बाहुली

खोली भाड्याने घेताना मी सगळं विचारून घेतलं होतं. नळ कधी येतो, विजेचं मीटर वेगळं आहे का, रस्त्याकडच्या दारावर ‘लेडीज टेलर’चा बोर्ड लावू देणार का. शेवटी म्हटलं, “चाचा, मन्ही मशीनना आवाज व्हई. मंग बोलशात नही ना?” त्यावर घरमालक असे खुशीत हसले की मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे!

“बेटा,” ते म्हणाले, “आवाजनी तू फिकर करू नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्लाउजला हूक लावत बसले होते आणि भिंतीपलीकडून असा काही घुमारा उठला की हुकांचा डबा टेबलावरून सरकत सरकत जाऊन खाली पडला. मी ओरडतच बाहेर आले. चाची ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “कुछ नहीं हुआ,” त्या म्हणाल्या, “बडा उठ गया.”

बडा म्हणजे चाचा वाजवायचे तो बाजा. लग्नाच्या बँडमध्ये तो सगळ्यात मोठा पितळी बाजा असतो ना, अंगात घालून वाजवायचा, कमरेभोवती विळखा घालून डाव्या खांद्यावर बसतो आणि डोक्याच्या वर परातीएवढं तोंड वासून असतो, तो. त्याला इंग्रजी नाव आहे, पण ते नाव घेतलेलं चाचांना खपायचं नाही. बाजा बँडच्या मालकाचा होता. राहायचा बँडच्या दुकानात, पण चाचा काही ना काही सबब काढून त्याला घरी आणायचे आणि माझे हूक सांडायचे.

या बाज्याने त्या माणसाचं पार वळण बदलून टाकलं होतं. खांद्यावर बाजा नसला तरी चाचा कुठल्याही दारातून आडवेच आत शिरायचे आणि चौकटीपाशी मान खाली घालायचे. दवाखान्यात, मशिदीत, माझ्या दुकानात, सगळीकडे तसेच. चालायचे तेही वरातीच्या चालीने. चार पावलं टाकायची, थांबायचं, जागच्या जागी डुलायचं, मग पुढे. एकदा मी त्यांच्याबरोबर बाजारात गेले आणि कानाला खडा लावला. मेथीची जुडी आणायला गेलेलो आम्ही, घरी आलो तेव्हा तिची पानं मलूल झाली होती. रस्ता किती लांब आहे विचारलं तर ते गाण्यांत सांगायचे. स्टेशन? “दोन गाना आन् एक नागीन.” रिक्षावाल्यालाही हेच सांगायचे आणि तो बिचारा माझ्याकडे बघायचा.

आणि ऐका, अख्खं नंदुरबार मिरचीवर जगतं, हंगामात गावाबाहेर लाल पथाऱ्या पसरलेल्या असतात, वारा सुटला की साऱ्या गल्लीला ठसका लागतो, आणि या गावात राहून हा माणूस मिरची खात नव्हता! ओठ खराब होतात म्हणे. ओठांना सकाळ-संध्याकाळ तूप लावायचे. चाची त्यांच्यासाठी वेगळं पिचपिचीत कालवण करायच्या आणि वाढताना दर वेळी म्हणायच्या, “लो, बीमार का खाना.”

माझा नवरा एसटीत कंडक्टर. मोलगीच्या गाडीवर असायचा. घाटातल्या धक्क्यांनी हाडं खिळखिळी होऊन घरी यायचा आणि भिंतीपलीकडे बडा सुरू झाला की म्हणायचा, “त्यापेक्षा मोलगी परवडनी.”

तर हे असं चाललेलं असताना एका पावसाळ्याच्या तोंडाशी, लग्नसराई संपल्यावर, दुकानात कुणीतरी बड्यावर जनरेटर ठेवला. पोचा पडला. चाचा दोन दिवस जेवले नाहीत. बँडच्या मालकांनी मात्र वेगळंच सुनावलं. ते आमच्या दारात येऊन बोलले, त्यामुळे मी माझ्या कानांनी ऐकलं. “चाचा, दसराले सगळा बाजा पूजाले मांडसूत. तधळ बडाले आखो एक पोचा दिसना ना, तं तो मोडमा जाई. त्याना जागावर साउंडना बॉक्स. बॉक्सले ना जेवण लागस, ना पगार.”

म्हणजे बडा भंगारात गेला की चाचाही घरी. हे मालकांनी बोलून दाखवलं नाही, पण चाचींच्या हातातला लसूण तिथेच थांबला.

त्या दिवसापासून बडा आमच्याकडे राहायला आला. दसऱ्यापर्यंत त्याला सांभाळायचं होतं. पण ठेवायचा कुठे? बँडवाल्यांचा एक नेम आहे, बाजा जमिनीला टेकवायचा नाही. टेकला की त्या वर्षी सुपाऱ्या येत नाहीत, म्हणजे लग्नं हातची जातात. भिंतीला टेकवला तर घसरतो, आडवा ठेवला तर स्वतःच्याच वजनाने वाकतो. उभाच पाहिजे, आणि अधांतरी पाहिजे. आता असा नवरदेव कुठल्या घोड्यावर बसवायचा, सांगा!

आधी त्याला बाज दिली. म्हणजे बड्याला बाजेवर उशांच्या आधाराने बसवलं आणि चाचा-चाची खाली सतरंजीवर. चौथ्या दिवशी शेजारची बकरी आत शिरली, बाजेवर चढली आणि बड्याच्या विळख्यात मस्तपैकी पाय दुमडून बसली. ओरडलं तर दचकून उडी मारेल, खुराने ओरखडा काढेल, म्हणून चाचा तिच्यापुढे हात जोडून उभे. “उठ ना माय, उठ ना.” बकरी रवंथ करीत त्यांच्याकडे बघत होती. शेवटी मी भाकरी दाखवली तेव्हा बाईसाहेब उतरल्या.

मग त्यांनी आढ्याच्या कडीला बडा टांगायचं ठरवलं. ही कडी पाळण्याची. तिच्यावर वर्षानुवर्षांचा गंज. चाचांनी स्टुलावर चढून ती घासली, तेल घातलं, नवा दोर आणून बडा लटकवला. झालं! गल्लीत बातमी फिरली की यांच्याकडे पाळण्याची कडी साफ केली. दुपारी समोरच्या घरात नुकतीच राहायला आलेली म्हातारी ओटीचं सामान घेऊन दारात हजर. चाचींचं वय साठीच्या पुढचं. म्हातारीला वाटलं, सुनेचं काही असेल. चाचींना सून नाही, मूलबाळच नाही. त्या आत गेल्या, उरलेला दोर उचलला आणि तो चाचांच्या अंगावर फेकला. “उतारो इसको! नहीं तो मैं लटकती हूँ.” चाचांनी उतरवला. आम्ही बायका ओट्यावर पदरात तोंड घालून हसत होतो, आणि चाचीही मग आमच्यात येऊन बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, ते मी पाहिलं.

मी म्हटलं, चाचा, मोबाइलवर बघू या. आजकाल सगळं मिळतं. मी त्यांना एकेक स्टँड दाखवत गेले. काळा, घडीचा, तीन पायांचा, चाकांचा. चाचा चष्मा कपाळावर चढवून बघायचे आणि नापास करायचे.

“खांदा कोठे शे ह्याले?”

“चाचा, स्टँडले खांदा नही ऱ्हास.”

“मंग बडा कोठे बठी? ही तं कोट टांगानी खुंटी शे.”

त्यांचं म्हणणं ऐकाल तर बड्याला लोखंड आवडत नाही. तो माणसाच्या अंगावर बसायला घडवलाय, त्याला छाती लागते, पाठ लागते. मी म्हटलं, मग तुम्हीच उभे राहा दसऱ्यापर्यंत. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, तेच करणार होतो, पण रात्री झोप लागते.

शेवटी वेल्डिंगवाल्याकडून एक घडवून आणला. अगदी भक्कम दिसत होता. चाचांनी बडा त्यावर चढवला, दोन पावलं मागे सरकले, मान तिरकी करून बघितलं, आणि तेवढ्यात स्टँड कलला. दुसरा कुणी असता तर बाजूला झाला असता. चाचा खाली शिरले. बडा त्यांच्या छातीवर येऊन पडला. आम्ही धावत गेलो तर ते उताणे पडून दोन्ही हातांनी त्याला कुरवाळत होते आणि विचारत होते, “पोचा पडना का? देख ना बेटा, पोचा पडना का?” बड्याला काही झालं नव्हतं. पोचा चाचांच्या बरगडीला पडला होता.

डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि सांगितलं, फुंकायला पुढे हरकत नाही, पण दुखावलेल्या डाव्या खांद्यावर आयुष्यात परत वजन घ्यायचं नाही. चाचांनी मान हलवली. घरी येताना ते आडवे होऊन दारातून शिरले, आणि मला त्यांचा राग आला. कुणी सांगितलं होतं एवढं जीव टाकायला? पितळच आहे ना ते?

पण खरा राग यायचा अजून बाकी होता.

माझ्याकडे एक बाहुली होती. सुरतेच्या एका कापडदुकानातली जुनी, फायबरची, बिनमुंडक्याची, पूर्ण उंचीची. तिच्या अंगावर ब्लाउज घालून मी फिटिंग बघायची. माझ्या धंद्याची लक्ष्मीच ती. पाठीच्या चुणीपासून गळ्यापर्यंत काय चुकलंय ते मला तिच्यावर बरोबर दिसायचं. मी माझ्या माहेरी कोरीटला भावाच्या घरभरणीला गेले, किल्ली चाचींकडे ठेवून. परत आले तर बाहुली गायब. तिच्या अंगावर एका नवरीचा राणी रंगाचा जरीचा ब्लाउज होता, तोही गायब.

“चाचा, मन्ही बाहुली कोठे शे?”

“शे ना. घरमा शे. उभी शे.”

“उभी शे म्हंजे?”

“आते कायम उभी ऱ्हाई,” चाचा अभिमानाने म्हणाले.

मी आत गेले आणि कपाळाला हात लावला. बाहुलीचे दोन्ही पाय घमेल्यात, आणि घमेल्यात सिमेंट. वरून तरी पक्कं वाळलेलं! पोकळ आहे म्हणून पायांत वाळू भरलेली. आणि तिच्या अंगात, राणी रंगाच्या जरीच्या ब्लाउजवर, बडा. डाव्या खांद्यावर बसला होता. बिनमुंडक्याच्या गळ्याच्या वर तोंड वासून. आणि खरं सांगते, इतका शोभत होता!

पण तेव्हा मी शोभा बघायच्या मनःस्थितीत नव्हते. मी जे तोंड सोडलं ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. मी भाडं देणार नाही म्हटलं, पोलिसांत जाईन म्हटलं, तुमच्या बड्याला मीच मोडीत घालीन असंही म्हटलं. चाचा मान खाली घालून ऐकत होते. मधेच हळूच म्हणाले, “बेटा, जोरमा बोलू नको. सिमेंट आखो ओलं शे.”

आणि अशा वेळी दारात कोण यावं? नवरीची मामी. ब्लाउजच्या फिटिंगला आली होती. तिने ब्लाउज बघितला, बाहुली बघितली, बाजा बघितला. मी डोळे मिटले. आता ही बाई माझी अब्रू काढणार आणि साऱ्या गावात सांगत सुटणार. तर मामी पोट धरून खाली बसली! हसून हसून तिचा श्वास अडकला. उठली तशी मोबाइल काढून फोटो काढायला लागली. “ओ माय! हाई तं आम्हनी नवरीच वाजाडी ऱ्हायनी!”

बाहुलीचा प्रश्न तिथेच संपला. सिमेंटातून पाय काढायचे तर पायच तुटले असते. नवी बाहुली मला चाचींनी घेऊन दिली, कशी ते मी विचारलं नाही. जुनी बड्याची झाली.

दसऱ्याला मालक सगळे बाजे तपासायला बसले. बड्यावर त्यांनी बोट फिरवलं, उजेडात धरला, उलटा केला. जुना पोचा तेवढा होता, नवा एकही नाही. झेंडूचा हार पडला, नारळ फुटला. चाचा असे उभे होते की शाळेतल्या पोरासारखे दिसत होते. मग मालक म्हणाले, “बाजा चांगला शे. पण वाजाडी कोन? तुम्हले तं उचलता येवाव नही.”

चाचांना याचं उत्तर पाठ होतं. बडा बाहुलीच्या अंगावर, बाहुली लोटगाडीवर, आणि चाचा गाडीवर तिच्यासमोर बसून फुंकणार. मालक हसले नाहीत. सरळ नाही म्हणाले. लोक काय म्हणतील, बँड आहे का सर्कस? बडा मोडीत निघालाच होता, पण मामी आडवी आली. भाचीच्या लग्नाची सुपारी घेऊन ती दुकानात गेली आणि फोटो पुढे धरला. बाहुली असेल तर बँड तुमचा, नाहीतर शहाद्याचा सांगते म्हणाली. मालकांनी बराच वेळ मान खाजवली. मग त्यांना वाट सापडली. “मन्हा बँडमा बिगर वर्दीनं कोनीच चालत नही. बाहुली बी नही.” वर्दी बँडकडे जेवढी माणसं तेवढीच होती. त्यांना वाटलं, विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा माझ्याकडे आले, आडवे होऊन. हातात पंच्यात गुंडाळलेला कोट. लाल, सोनेरी फितीचा, त्यांचा स्वतःचा.

“हाऊ बाहुलीना मापमा करी दे.”

मी म्हटलं, असं कसं? मी नवा शिवते, कापड माझं. “नवा नको,” ते म्हणाले, “बडा हाऊ खांदा वळखस.”

मी कोट उलटा केला. डाव्या खांद्याला आतून थरावर थर शिवलेले होते. टॉवेलचा तुकडा, घोंगडीचा तुकडा, चाचींच्या कुठल्यातरी जुन्या ओढणीचा तुकडा, वर परत टॉवेल. वजनाने सगळं दाबून दगडासारखं झालेलं. आयुष्यभर कपडे उसवत आलेल्या माझ्या हाताला त्या खांद्याला कातर लावता येईना. या माणसाला मी पोलिसांत देणार होते.

“आन् तुम्ही काय घालशात?”

“बिगर वर्दीनं कोनी चालत नही, मी तं गाडीवर बठसू. माले आते कोन देखस?” चाचा हसून म्हणाले आणि वरातीच्या चालीने निघून गेले.

मी बाकी सगळा कोट लहान केला. तो खांदा तसाच ठेवला.

लग्नापर्यंत चाचांनी आमच्या सगळ्यांचं डोकं उठवलं. बाहुलीसमोर बसून वाजवायचं म्हणजे बोटं सगळी उलटी पडायची. ते चुकायचे, स्वतःलाच शिव्या घालायचे, परत सुरू. चाची म्हणायच्या, “इस उमर में नई बीवी के सामने बैठा है, गड़बड़ा रहा है.”

तुळशीचं लग्न झालं आणि मग मामीच्या भाचीचं लग्न आलं. वरात निघाली. पुढे क्लॅरिनेट, ताशे, आणि मधोमध लोटगाडीवर लाल कोटातली बिनमुंडक्याची बाहुली, अंगात घासून चकचकीत केलेला बडा. सगळ्या बँडचं तोंड पुढे, एकट्या चाचांचं मागे. गाल फुगवून ते तिच्याशी भांडतायत असं वाटत होतं. पण काय वाजवलं त्या दिवशी! पायाखालचा डांबरी रस्ता थरथरत होता. पोरीबाळी गाडीला सोडेनात. एका म्हातारीने बाहुलीवरून पैसे ओवाळून टाकले. मालक बाजूने चालत होते, आधी मान खाली घालून, मग हळूहळू मान वर करून, कारण वाटेत दोन जणांनी त्यांचा नंबर मागून घेतला होता.

मांडवाच्या दाराशी बँड थांबला. गाडी बाहेर कडेला लावली. रीत अशी की बँडवाल्यांनी बाहेरच थांबायचं, त्यांची पंगत सगळ्यात शेवटी, मांडवाच्या मागे. चाचा गाडीवरून उतरले. अंगात पांढरा धुतलेला कुर्ता, डोक्यावर टोपी. नवरीकडचा एक जण पाहुण्यांना हाताला धरून आत नेत होता. त्याला काय माहीत? त्याने चाचांना अत्तर लावलं, हातात गुलाब दिला, “या बाबा, या” म्हणत थेट पहिल्या पंगतीत नेऊन बसवलं. पुढ्यात पान आलं. बट्टी आली, वरण आलं.

तेवढ्यात मालकांचं लक्ष गेलं. ते दारातून ओरडले, “ओ भाऊ! तो बँडवाला शे!”

पंगत थांबली. वाढणारे थांबले. तो नवरीकडचा माणूस गोंधळून चाचांकडे बघत राहिला. “बाबा, तुम्ही बँडवाला शेतस का?”

चाचांनी शांतपणे मांडवाबाहेर बोट दाखवलं. तिकडे गाडीवर लाल कोट उन्हात चमकत होता.

“बँडवाला तो काय, बाहेर उभा शे, वर्दी घालीसन,” ते म्हणाले. “मी जेवाले उनू.”

आधी मामी हसली, मग सगळी पंगत. मालकांनी बाहुलीकडे बघितलं, चाचांकडे बघितलं आणि ते दारातून मागे सरकले. मी बायकांच्या रांगेत होते. मीही हसत होते आणि पदराने डोळेही पुसत होते. गावातल्या एवढ्या लग्नांत वाजवून झाल्यावर हा माणूस पहिल्यांदा कुणाच्या तरी लग्नाला आला होता.

तूप वाढणारा आला. चाचांनी “बस” म्हटलंच नाही.